परदेशी कंपनीची सरकारी रजिस्टरमधून शहानिशा कशी करायची

परदेशातल्या एखाद्या कंपनीशी व्यवहार ठरत आलाय, मेलमध्ये एक रंगीत सर्टिफिकेट आलंय, वर शिक्का खाली सही, आणि आता कोणीतरी तुम्हाला विचारतंय की कंपनी खरी आहे ना? तर आधी ते सर्टिफिकेट बाजूला ठेवा. टाकून देऊ नका, त्यावरचा नंबर लागणारे, पण पुरावा म्हणून त्यात दम नाही. इन्कॉर्पोरेशन सर्टिफिकेट एवढंच सांगतं की अमुक तारखेला ही कंपनी नोंदली गेली. पुढे ती बंद पडली, नाव बदललं, दिवाळखोरीत गेली, डायरेक्टर बदलले, यातलं काहीही त्यात येत नाही. शिवाय पीडीएफमध्ये खाडाखोड करणं आता कोणालाही जमतं.

शहानिशा करायची ती कंपनीच्या मूळ देशाच्या रजिस्टरमध्ये, आपण स्वतः जाऊन. समोरच्याने पाठवलेल्या लिंकवर क्लिक करून नाही, स्वतः रजिस्टरची साईट शोधून. बऱ्याच देशांत हे आता फुकट आहे आणि लॉगिनही लागत नाही, तरी लोक हे करत नाहीत याचं मला खरंच नवल वाटतं.

नावाने नाही, नंबरने शोधा

नावं फसवतात. एकसारखी नावं असतात, एखादं अक्षर इकडचं तिकडे असतं, एकाच ग्रुपच्या दहा कंपन्या असतात, आणि ब्रँडचं नाव तर रजिस्टरमध्ये नसतंच बऱ्याचदा. म्हणून आधी नोंदणी क्रमांक मिळवा. युरोपियन युनियनमध्ये तर कंपनीच्या लेटरहेडवर, ऑर्डर फॉर्मवर आणि वेबसाईटवर रजिस्टर कुठलं आणि क्रमांक काय हे छापणं कायद्यानेच बंधनकारक आहे. १९६८ साली कंपनी कायद्याचा पहिला युरोपियन डिरेक्टिव्ह (म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा सामाईक नियम) आला, त्यात लेटरहेडचं होतं, २००३ च्या दुरुस्तीत वेबसाईटही आली. त्यामुळे एखादी कंपनी स्वतःला युरोपियन म्हणवते आणि साईटच्या तळाशी नंबरच नाही, तर तिथेच थांबून विचारा, का नाही म्हणून.

आता नंबरवरून काय कळतं ते बघा, कारण निम्मा घोळ इथेच पकडता येतो. ब्रिटनचा नंबर आठ अक्षरांचा असतो, इंग्लंड-वेल्सच्या साध्या कंपन्यांना नुसते आकडे, स्कॉटलंडला पुढे एससी, उत्तर आयर्लंडला एनआय, एलएलपीला (मर्यादित जबाबदारीच्या भागीदारीला) ओसी. पण सुरुवातीला एफसी असेल तर ती ब्रिटिश कंपनी नाहीच, ती बाहेरच्या देशातली कंपनी आहे जिने ब्रिटनमध्ये फक्त कामाचं ठिकाण नोंदवलंय, आणि त्या ठिकाणाला बीआरने सुरू होणारा वेगळा नंबर मिळतो. "आम्ही यूके कंपनी आहोत" म्हणणाऱ्याचा नंबर एफसी निघाला तर खरी कंपनी कुठली आहे ते विचारायचं आणि तिकडच्या रजिस्टरमध्ये जायचं. फ्रान्समध्ये सिरेन म्हणजे नऊ आकडे, ही कंपनीची ओळख, आणि सिरेट म्हणजे चौदा आकडे, त्यात सिरेनच्या पुढे पाच आकडे लागतात ते त्या विशिष्ट ऑफिसचे किंवा कारखान्याचे. तुमच्याकडे सिरेट आलाय तर पहिले नऊ घ्या आणि शोधा. नेदरलँड्सचा केव्हीके नंबर आठ आकडी, डेन्मार्कचा सीव्हीआर पण आठ, नॉर्वेचा नऊ. भारतातला सीआयएन एकवीस अक्षरांचा, त्याचं पहिलंच अक्षर एल असेल तर लिस्टेड म्हणजे शेअर बाजारात असलेली, यू असेल तर अनलिस्टेड, आणि मधे नोंदणीचं वर्षसुद्धा लिहिलेलं असतं.

टॅक्सचा नंबर आणि नोंदणीचा नंबर यात मात्र गल्लत नको. युरोपात व्हॅट नंबर तपासायला व्हीआयईएस नावाची सोय आहे, ती फक्त नंबर वैध आहे का ते सांगते, काही देशांच्या बाबतीत तर कंपनीचं नावही दाखवत नाही. म्हणजे दुसऱ्या कोणाचा तरी वैध नंबर ढापून दिला तरी उत्तर "वैध" असंच येणार.

रजिस्टर कोण चालवतं हे का बघायचं

सगळी रजिस्टरं एका तोलाची नसतात. जर्मनीत ते कोर्ट सांभाळतं, फ्रान्समध्ये व्यापारी कोर्टाचं दफ्तर, नेदरलँड्स आणि इटलीत चेंबर ऑफ कॉमर्स, ब्रिटनमध्ये सरकारी एजन्सी, अमेरिकेत प्रत्येक राज्य वेगळं. आणि आत येणारी माहिती कोणी तपासतं का, हा खरा फरक. जर्मनीत जीएमबीएच (तिथली प्रायव्हेट लिमिटेड) काढायची तर नोटरी लागतो (२०२२ पासून हे नोटरीचं काम व्हिडिओवर पण होतं), मग कोर्ट नोंद बघतं, आणि रजिस्टरमध्ये जे आहे त्यावर तिऱ्हाइताने विसंबून व्यवहार केला तर कायदा त्याच्या बाजूने उभा राहतो. ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं उलट होतं, कंपनीज हाऊसकडे (हीच ती सरकारी एजन्सी) फॉर्म नीट भरून आला की तो चढायचा, आतला मजकूर खरा का खोटा हे बघायचे अधिकारच फारसे नव्हते. २०२३ च्या आर्थिक गुन्हे कायद्यानंतर, मार्च २०२४ पासून त्यांना माहितीवर प्रश्न विचारायचे, नोंद नाकारायचे अधिकार आले, आणि १८ नोव्हेंबर २०२५ पासून डायरेक्टरांची ओळख पटवणं सक्तीचं झालं. पण जुन्या डायरेक्टरांना सवलतीची मुदत दिलेली आहे आणि जुना कचरा एका रात्रीत साफ होत नाही. तेव्हा ब्रिटनच्या रजिस्टरवर नाव आहे म्हणजे माणूस खरा आहे असं धरून चालू नका.

थोडक्यात रजिस्टर कोणाची हमी घेत नाही, कंपनीने काय दाखल केलं आणि कधी केलं ते दाखवतं. वाचायचं ते आपल्यालाच.

ब्रिटनचा रेकॉर्ड वाचताना

कंपनीज हाऊसची माहिती जून २०१५ पासून फुकट आहे, आणि वाचायला इतकी सोपी साईट दुसरीकडे क्वचितच. स्टेटस आधी बघा. नुसतं "अॅक्टिव्ह" वेगळं आणि त्याला जोडून "अॅक्टिव्ह प्रपोजल टू स्ट्राइक ऑफ" असं लिहिलेलं असतं ते वेगळं, कारण दुसऱ्याचा अर्थ कंपनी रजिस्टरवरून पुसायची प्रक्रिया चालू झालीये. मग नोंदणीची तारीख. वेबसाईटवर पंचवीस वर्षांचा अनुभव आणि रजिस्टरमध्ये आठ महिन्यांपूर्वीची कंपनी, ही जोडी फार दिसते, कधी खरं कारण असतं (जुना धंदा नव्या कंपनीत घेतला वगैरे), पण कारण विचारायला हवंच.

नंतर फाइलिंग हिस्टरी, इथे वेळ घालवा. प्रायव्हेट कंपनीला वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत हिशोब द्यावे लागतात, पब्लिक कंपनीला सहा महिन्यांत, उशीर झाला की रेकॉर्डवर "ओव्हरड्यू" असं उमटतं. प्रायव्हेट कंपनीचा पहिला हिशोब मात्र नोंदणीपासून एकवीस महिन्यांपर्यंत चालतो, त्यामुळे दीड वर्षाच्या कंपनीचे हिशोब नाहीत म्हणून लगेच बोंब मारू नका, तिथे नियम मोडलेला नाही, फक्त तुमच्याकडे बघायला आकडे नाहीत एवढंच. हिशोब असतील तर उघडा. कोटींचा व्यवहार करायला निघालेली कंपनी "डॉर्मंट" म्हणून, म्हणजे काही उलाढालच नाही असे हिशोब भरत असेल तर बोलणं तिथेच संपवलेलं बरं. आणि पत्त्यात जर "कंपनीज हाऊस डिफॉल्ट अॅड्रेस" दिसलं तर समजा की दिलेला पत्ता योग्य नव्हता म्हणून रजिस्टरनेच तो काढून स्वतःचा टाकलाय. असा रेकॉर्ड समोर आला की मी पुढचं काही वाचत बसत नाही.

जर्मन उतारा

जर्मनीचं हांडेल्सरेगिस्टर, म्हणजे तिथलं कंपन्यांचं रजिस्टर, १ ऑगस्ट २०२२ पासून ऑनलाइन फुकट आहे. दिसायला मात्र रुक्ष, आणि एक मेख आहे: एचआरबी नंबर एकटा काही कामाचा नाही. एचआरबी म्हणजे कंपन्यांचा भाग (जीएमबीएच, आणि एजी म्हणजे तिथली पब्लिक कंपनी), एचआरए म्हणजे भागीदाऱ्या आणि एकल व्यापारी, पण तोच नंबर वेगवेगळ्या कोर्टांत वेगवेगळ्या कंपन्यांना असू शकतो, म्हणून कोर्टाचं नावही हवं. बर्लिनच्या कंपनीला कोर्टाचं नाव शार्लोटेनबुर्ग दिसेल, गोंधळू नका, बर्लिनचं रजिस्टर तिथेच आहे.

कंपनी सापडली की नावाच्या ओळीत एडी, सीडी, एचडी, डीके, एसआय अशी दोन-दोन अक्षरं दिसतात. एडी म्हणजे आजचा चालू उतारा, तो घ्या. सीडी म्हणजे जुन्या-नव्या नोंदींचा क्रमवार उतारा, त्यात रद्द झालेल्या नोंदी अधोरेखित असतात, त्यामुळे त्यात एखादं नाव दिसलं म्हणजे तो माणूस अजून डायरेक्टर आहे असं समजू नका, खाली रेघ आहे का बघा. डीकेमध्ये दाखल केलेली कागदपत्रं असतात, जीएमबीएचच्या भागधारकांची यादी तिथेच मिळते.

आता उताऱ्यातली सगळ्यात कामाची जागा, जी लोक हमखास सोडून देतात: प्रतिनिधित्वाचा नियम. साधारण असं लिहिलेलं असतं की एकच गेशेफ्ट्सफ्यूरर (कारभार बघणारा डायरेक्टर) असेल तर तो एकटा सही करू शकतो, आणि एकाहून जास्त असतील तर दोघांनी मिळून, किंवा एकाने एका प्रोकुरिस्टसोबत (म्हणजे सहीचा नोंदलेला अधिकार असलेल्या अधिकाऱ्यासोबत). मग खाली प्रत्येकाचं नाव, जन्मतारीख, गाव, आणि एखाद्याला एकट्याने सही करायचा वेगळा अधिकार दिला असेल तर त्याच्या नावापुढे तसं. समजा उताऱ्यात तीन गेशेफ्ट्सफ्यूरर आहेत, कोणालाच एकट्याचा अधिकार नाही, आणि तुमच्या करारावर एकाचीच सही आहे. कंपनी खरी, माणूस खरा, तरी करार लटकलेला, कारण त्याच्या एकट्याच्या सहीने कंपनी बांधली जात नाही. हे आधी दिसलं तर एक मेल टाकून दुसरी सही घेता येते, नंतर दिसलं तर वकील. कंपनी अस्तित्वात आहे का हा प्रश्न सगळे विचारतात, सही कोणाची चालते हा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते दुसराच जास्त महत्त्वाचा आहे.

फ्रान्समध्ये के-बिस नावाचा उतारा चालतो, तो सहसा तीन महिन्यांच्या आतला मागतात. २०२३ पासून तिथे सगळ्या व्यवसायांचं एक राष्ट्रीय रजिस्टर आहे, आयएनपीआय ही सरकारी संस्था चालवते. एस्टोनियाचं रजिस्टर फुकट आणि झकास आहे, पण तिथे ई-रेसिडेन्सीवर (परदेशी माणसाला मिळणाऱ्या डिजिटल ओळखपत्रावर) जगभरातले लोक कंपन्या काढतात, त्यामुळे पत्ता एस्टोनियाचा आणि कारभार भलतीकडे हे तिथे अगदी नॉर्मल आहे, नुसतं तेवढ्यावरून संशय घेऊ नका.

अमेरिकेचं अवघड आहे. देशपातळीवर कंपन्यांचं एक रजिस्टरच नाही. बऱ्याच कंपन्या डेलावेअर राज्यात नोंदतात, त्याच्या साईटवर फुकटात नाव, फाइल नंबर, स्थापनेची तारीख आणि रजिस्टर्ड एजंट (कंपनीची सरकारी पत्रं घेणारा प्रतिनिधी) एवढंच दिसतं, डायरेक्टर कोण ते नाही. तिथे समोरच्याकडून "गुड स्टँडिंग" सर्टिफिकेट (कंपनी चालू आहे, देणी-कागद थकलेले नाहीत असं राज्याचं पत्र) मागवा आणि त्यावरचा कोड राज्याच्या साईटवर टाकून ते खरं आहे का बघा. कंपनी शेअर बाजारात असेल तर सोपं, एसईसी या तिथल्या शेअर बाजार नियामकाच्या एडगर साईटवर सगळं उघडं असतं.

यावरून आठवलं, "पब्लिक कंपनी" म्हणजे लिस्टेड कंपनी नव्हे. ब्रिटनची पीएलसी, जर्मनीची एजी, नेदरलँड्सची एनव्ही हे नोंदणीचे प्रकार आहेत, शेअर बाजारात असो वा नसो. पीएलसीला किमान ५० हजार पाऊंड भांडवल लागतं, युरोपियन युनियनची किमान मर्यादा २५ हजार युरो, आणि एसई म्हणजे युरोपियन कंपनी काढायची तर १ लाख २० हजार युरो. नावापुढे एसई दिसलं तरी युरोपचं एकच मोठं रजिस्टर वगैरे काही नाही, ती जिथे मुख्यालय तिथल्या राष्ट्रीय रजिस्टरमध्येच सापडते.

रजिस्टरं एकमेकांशी बोलतात का

बोलतात, आता बरीच. आधी हा मामला स्वेच्छेचा होता, १९९२ पासून युरोपियन बिझनेस रजिस्टर नावाने काही देशांची रजिस्टरं एकत्र येऊन माहिती विकायची. २०१२ च्या डिरेक्टिव्हने जोडणी सक्तीची केली आणि जून २०१७ मध्ये ब्रिस सुरू झालं. ब्रिस म्हणजे नवा डेटाबेस नाही बरं का, मधला जोडरस्ता आहे, माहिती प्रत्येक देशाच्या रजिस्टरमध्येच राहते. युरोपियन युनियनचे २७ देश आणि नॉर्वे, आइसलँड, लिख्टेनस्टाइन त्यात आहेत, ब्रिटन २०२१ पासून बाहेर.

तुम्ही ते वापरता युरोपियन युनियनच्या ई-जस्टिस पोर्टलवरून, "फाइंड अ कंपनी" मध्ये देश निवडा, नाव किंवा नंबर टाका. नाव, पत्ता, क्रमांक, कायदेशीर प्रकार, स्थिती अशी मूळ माहिती फुकट, २०१९ च्या डिरेक्टिव्हने कंपनीतर्फे सही कोण करू शकतो आणि शाखा कुठे आहेत हेही फुकटच्या यादीत घातलं. तिथे प्रत्येक कंपनीला एक युरोपियन ओळख क्रमांक असतो, त्यात आधी देशाची दोन अक्षरं, मग रजिस्टरचा कोड, मग टिंब, मग स्थानिक नंबर. वर जर्मन कोर्टाचा जो घोळ सांगितला तो यात मिटतो, कारण कोर्टाचा कोडही त्यातच येतो. हा नंबर करारात लिहून घेतला तर कुठली कंपनी यावर नंतर वाद उरत नाही. पण मी ब्रिसवर शोधून नंतर मूळ रजिस्टरमध्येच जातो, कारण बारीकसारीक तिथेच असतं.

पडद्यामागे काय चालतं ते माहीत असलेलं बरं. समजा एका देशातल्या कंपनीची दुसऱ्या देशात शाखा आहे आणि मूळ कंपनी लिक्विडेशनमध्ये (मालमत्ता विकून बंद करायच्या प्रक्रियेत) गेली. मूळ रजिस्टर ब्रिसवरून शाखेच्या रजिस्टरला निरोप धाडतं, आणि कंपनी पुसली गेली की शाखाही पुसायची असते. दोन देशांतल्या कंपन्यांचं विलीनीकरण झालं की नव्या कंपनीचं रजिस्टर जुन्या रजिस्टरला कळवतं आणि मगच तिथली जुनी नोंद काढली जाते, नाहीतर कंपनी एकीकडे विलीन आणि दुसरीकडे जिवंत असा प्रकार व्हायचा. डायरेक्टर म्हणून बंदी घातलेल्या माणसाबद्दल एक देश दुसऱ्याला विचारू शकतो, हे मात्र अधिकाऱ्यांपुरतं, आपल्याला दिसत नाही.

आपल्यासाठी यातून निघतं ते एवढंच की शाखा ही वेगळी कंपनी नाही. शाखेशी करार म्हणजे मूळ कंपनीशी करार, म्हणून मूळ रजिस्टर बघा. सबसिडिअरी (दुसऱ्या कंपनीच्या ताब्यातली कंपनी) मात्र वेगळी कंपनी, तिची आई कितीही मोठी असली तरी देणं तिचं तिचंच.

युरोपबाहेर असं बंधनकारक जाळं नाही. तिथे एलईआय वापरा, वीस अक्षरांचा जागतिक क्रमांक, २००८ च्या आर्थिक संकटानंतर कोणाचं कोणाकडे किती अडकलंय हेच कळेना तेव्हा हा आणायचं ठरलं, २०१४ पासून जीएलईआयएफ ही संस्था त्याची व्यवस्था बघते. शोध फुकट आहे. त्यात कंपनी कुठल्या रजिस्टरमध्ये कुठल्या नंबरने आहे ते दिलेलं असतं, म्हणजे मूळ रजिस्टरचा पत्ता तिथेच मिळतो, आणि आई-कंपनी नोंदवलेली असेल तर तीही. "लॅप्स्ड" दिसलं तर घाबरू नका, बहुतेकदा वार्षिक नूतनीकरण केलेलं नसतं, कंपनी बंद झाली असा त्याचा अर्थ नाही, फक्त माहिती शिळी असू शकते. ओपनकॉर्पोरेट्ससारख्या खाजगी साईट शोधायला छान, पण तिथलं बघून शेवटी रजिस्टरवर जायचंच.

खरा मालक कोण

इथे आता दार बरंच बंद झालंय. युरोपात लाभार्थी मालकांची, म्हणजे कंपनीमागच्या खऱ्या माणसांची, रजिस्टरं सगळ्यांना खुली होती, २२ नोव्हेंबर २०२२ ला युरोपियन न्यायालयाने लक्झेंबर्गच्या प्रकरणात तो खुला प्रवेश खासगीपणाच्या मुद्द्यावर रद्द ठरवला, आणि बऱ्याच देशांनी ती बंद केली. आता ठोस कारण दाखवावं लागतं. ब्रिटनमध्ये मात्र २५ टक्क्यांहून जास्त ताबा असलेल्यांची यादी अजून उघडी आहे. बाकी ठिकाणी सरळ कंपनीलाच विचारा, मालकीचा तक्ता मागा, आणि जेवढा रजिस्टरशी ताडून बघता येईल तेवढा बघा. देत नसतील तर तेही एक उत्तरच आहे.

कागद लागलाच तर

बँक किंवा सरकारी ऑफिस स्क्रीनशॉट घेत नाही, त्यांना प्रमाणित उतारा लागतो. तो रजिस्टरकडूनच मागवा, आणि दुसऱ्या देशात वापरायचा तर अपॉस्टील (कागद खरा असल्याचं सांगणारा सरकारी शिक्का) लागतं का ते आधी विचारा. १९६१ च्या हेग कराराचे देश सहसा एकमेकांचं अपॉस्टील मानतात, चीनही नोव्हेंबर २०२३ पासून त्यात आहे, करारात नसलेल्या देशासाठी वकिलातीची लांब वाट धरावी लागते. युरोपियन युनियनमध्ये २०२५ च्या नव्या डिरेक्टिव्हने सगळ्या भाषांत मिळणारं, अपॉस्टील न लागणारं युरोपियन कंपनी सर्टिफिकेट आणायचं ठरवलंय, पण ते प्रत्यक्ष लागू व्हायला अजून काही वर्षं आहेत, तोवर जुनीच पद्धत.

एवढं सगळं जुळलं तरी एक भोक राहतं. रजिस्टर उघडं आहे म्हणजे ठकांनाही उघडं आहे, ते खऱ्या कंपनीचा नंबर, पत्ता, डायरेक्टरचं नाव उचलतात आणि तुम्हाला मेल करतात. तुम्ही तपासता, सगळं तंतोतंत बरोबर, फक्त समोरचा माणूस त्या कंपनीचा नाही. म्हणून मेलमधल्या फोन नंबरवर फोन करू नका, रजिस्टरमधल्या पत्त्यावरून किंवा कंपनीच्या जुन्या, आधीपासून असलेल्या साईटवरून नंबर काढा आणि विचारा की हा माणूस तुमचाच का. बँक खात्याचं नाव रजिस्टरमधल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतं का बघा, आणि खातं तिसऱ्याच देशात असेल तर पैसे पाठवायच्या आधी कारण लेखी घ्या.

उतारा डाउनलोड करून तारखेसकट ठेवा, सहीच्या दिवशी परत एक काढा, मधल्या काळात डायरेक्टर बदललेले असू शकतात. कंपनीज हाऊसवर "फॉलो" केलं की त्या कंपनीने काही नवीन दाखल केलं रे केलं की मेल येतो, फुकट आहे, व्यवहार चालू असेपर्यंत ते चालू राहू द्या.